घूस, धान्याची कोठी आणि छर्ऱ्याची बंदूक

वाचकहो, आमच्यासारख्या कारकुनाने बंदुकीवर लिहावे याचे तुम्हाला हसू येईल. पेन, पंच आणि टाचणी यांपलीकडचे हत्यार आमच्या हाताने कधी धरले नाही. वरातीत सुतळी बॉम्ब फुटला तरी आम्ही दोन्ही कानांवर हात ठेवतो. पण गेल्या दीड वर्षात आमच्या घरात एका छर्ऱ्याच्या बंदुकीवरून इतकी बोलणी, इतकी भांडणे आणि इतका हिशेब झाला, की ते लिहून काढले तर दोन-चार कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटले. ज्यांचे गावाकडे घर आहे आणि जे उंदीर-घुशींनी जेरीस आले आहेत, त्यांच्यासाठी हे मुख्यतः आहे.

आम्ही नोकरीनिमित्त नागपुरात राहतो. मोठे बंधू वर्धा जिल्ह्यात गावी असतात. साडेतीन एकर कोरडवाहू जमीन, दोन शेळ्या, दहा-बारा कोंबड्या. घर वस्तीच्या अगदी टोकाला. पुढची बाजू विटांची, मागची भिंत अजून मातीची, आणि तिच्यामागे बांध. घरात दादा, वहिनी, आमची म्हातारी माय, पुतण्या, सूनबाई आणि दोन वर्षांची नात.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात त्या मातीच्या भिंतीखाली घुशींनी घर केले. (नागपुरात घूस म्हटले की हिंदी बोलणाऱ्यांना लाच आठवते. दोन्ही भिंत पोखरतात, पण आज विषय चार पायांच्या घुशीचा आहे.) उंदीर वेगळा आणि घूस वेगळी. घरातला काळा उंदीर वरून चालतो, आढ्यावरून, दोरीवरून. घूस जमिनीखालून येते. मोठी घूस किलोभर वजनाचीही भरते आणि एका रात्रीत टोपलीभर माती उकरून बाहेर टाकते. ज्वारीचे पोते खालून फोडले, तुरीचे फोडले, मग कोंबडीची पिल्ले जाऊ लागली. एका सकाळी वहिनी चुलीपाशी बसल्या असता त्यांच्या पाटाखालची जमीनच हातभर खचली. भिंतीचा कोपरा मोकळा झाला होता. त्या कोपऱ्याला लागून नातीचा पाळणा.

दादांनी जे सगळे करतात तेच केले. कृषी केंद्रातून काळी पावडर आणली, कणकेच्या गोळ्यांत कालवली आणि बिळांच्या तोंडाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नात अंगणात रांगता रांगता एक गोळी मुठीत धरून बसलेली सूनबाईंना दिसली. मूठ तोंडाकडे निघाली होती.

आम्ही तेव्हा कचेरीत होतो. फोनवर पुतण्याला धड बोलता येत नव्हते. मुलीने गोळी तोंडात घातली की नाही हे कोणालाच छातीठोक सांगता येईना, म्हणून तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले. तिने खाल्ले नव्हते. पण त्या आठ तासांत आमच्या कुटुंबाने काय भोगले ते आम्ही येथे लिहीत नाही, आईबापांना ते सांगावे लागत नाही.

त्या रात्री डॉक्टरांनी दादांना जे सांगितले ते मात्र सर्वांनी ऐकावे असे आहे. काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी भेटले की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. ट्यूबमधून मिळणारे पिवळ्या फॉस्फरसचे मलम तर यकृत खाऊन टाकते, त्यालाही उतारा नाही. रक्त पातळ करणाऱ्या वड्या येतात, ब्रोमाडायोलोनच्या, त्यांच्यावर जीवनसत्त्व ‘के’चे इंजेक्शन हा उतारा आहे. पण त्या वडीने उंदीर तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने मरतो, आणि तो मेलेला किंवा मरायला टेकलेला उंदीर मांजर, कुत्रे नाही तर घुबड खाते. म्हणजे उंदराच्या वैऱ्यालाच आपण विष घालतो. जिथे रांगते मूल आहे तिथे यातले काहीही उघड्यावर ठेवू नये. ठेवायचेच असेल तर कुलूपबंद डब्यात, उंदीर शिरेल आणि मुलाचा हात शिरणार नाही अशा.

दादांनी उरलेल्या गोळ्या शोधून शोधून, मोजून, खोल खड्ड्यात पुरल्या. आणि दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला, "काका, तुम्ही शहरात आहा. छर्ऱ्याची बंदूक पाहा एखादी."

घरात पहिला प्रश्न मायने काढला. माय रोज संध्याकाळी दिवा लावून पंचशील घेते आणि पहिले शील प्राणिमात्राला न मारण्याचे. ती म्हणाली, "आता घरात बंदूक आनता का बाप्पा? मंग मी ते शील कोन्या तोंडानं म्हनू?" गोळ्या ठेवल्या तेव्हा माय काही बोलली नव्हती, हे पुतण्याने तिच्या लक्षात आणून दिले. ती गप्प झाली, पण पटले नव्हते. आम्हालाही तिचा प्रश्न सोडवत नव्हता. मग आम्ही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ काढला. १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. जैन धर्मासारखा अहिंसेचा आत्यंतिक नियम बुद्धाने केला नाही, असे ते मांडतात. आम्ही मायला फोनवर ते समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मंग गरज हाय का इच्छा, हे कोन ठरवनार? ज्याच्या हातात बंदूक, तो?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते आम्हाला नंतर, महागात पडून मिळाले.

पहिली चूक आमची. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थाकडे जुनी बंदूक पडून होती. चार हजारांत मिळते म्हणून आम्ही घेतली. बिल नाही, कागद नाही. अर्ज-टपालात उभा जन्म गेलेल्या माणसाने बिनकागदाची वस्तू घ्यावी, ही आमच्या अकलेची गोष्ट. तिच्यावर काळी दुर्बीण बसवलेली होती, ती पाहूनच आम्ही भुललो. लहानपणी जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक मिळायची तिचा नेम वाकडा असतो हे कळत असूनही आपण पैसे टाकायचो, तसेच हे.

पुतण्याने तिसऱ्या रात्री भिंतीजवळ आलेल्या घुशीवर छर्रा झाडला. छर्रा लागला, पण डोक्यात नाही, मागच्या अंगात. घूस ओरडत, स्वतःला ओढत भिंतीखाली गेली. रात्रभर आवाज येत होता. सकाळी आवाज थांबला आणि चौथ्या दिवसापासून वास सुरू झाला. भिंत फोडल्याशिवाय ती काढता येईना. आठ दिवस त्या खोलीत कोणी जेवले नाही, पाळणा ओसरीवर आणावा लागला. आम्ही रविवारी गावी गेलो तेव्हा माय दाराशीच म्हणाली, "मारायचं असनं तं एका दमात मारा. नाही तं हात लावू नोका. तडपवून कोनाचं भलं झालं?"

बंदूक विश्वासू कशाला म्हणायची, याची आम्हाला कळलेली व्याख्या ही. किती लांब मारते, डबी किती जाड भेदते, आवाज किती करते, याला अर्थ नाही. जिथे नेम धरला तिथेच, प्रत्येक वेळी, छर्रा गेला पाहिजे. नाहीतर तिच्यापेक्षा काठी बरी.

ती बंदूक आम्ही परत केली, दोन हजार सुटले. मग बायकोची बोलणी खाऊन, रीतसर दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर, शांत माणूस. आधी म्हणाला, "साहेब, कशासाठी?" घुशींसाठी म्हटल्यावर त्याने भिंतीवरची सर्वात भारी बंदूक काढली नाही, याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहोत. त्याने उलट प्रश्न विचारले. किती अंतरावरून? मागे काय आहे, भिंत की रस्ता? चालवणार कोण, वय काय? अठराच्या आतल्या मुलासाठी असेल तर विकणार नाही, असे त्याने आधीच सांगितले.

कायद्याचे त्याने जे सांगितले ते आम्ही नंतर वाचूनही खात्री केली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे छर्रा नळीच्या तोंडातून बाहेर पडताना त्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल, किंवा नळीचा व्यास ०.१७७ इंचांहून म्हणजे साडेचार मिलिमीटरहून जास्त असेल, तर त्या हवेच्या बंदुकीला परवाना लागतो. त्याआधी फळीची परीक्षा असे. एक इंच जाडीची, बारा इंच चौरस, हलक्या लाकडाची फळी पाच फुटांवर ठेवायची आणि छर्रा आरपार जाऊ नये. ०.२२ ची म्हणजे साडेपाच मिलिमीटरची नळी परदेशात उंदरांसाठी पुष्कळ वापरतात, पण आपल्याकडे तिच्या वाटेला बिनपरवाना जाऊ नये. इंटरनेटवर ‘बिनकागदाची देतो’ म्हणणारे भेटतात, त्यांच्या वाटेला तर मुळीच नाही. एकदा बिनकागदाचे घेऊन आम्ही तोंडघशी पडलोच आहोत.

२० ज्यूल म्हणजे किती? आमची मुलगी बारावी सायन्सला आहे, तिने सोपे करून सांगितले. एक किलोची वस्तू दोन मीटर उंचीवरून पडली तर तिचा जेवढा दणका बसेल, साधारण तेवढी ऊर्जा. आता तो दणका ज्वारीच्या दाण्याएवढ्या शिशाच्या टोकावर गोळा झाला असे समजा. मग छर्ऱ्याच्या बंदुकीला ‘खेळणे’ म्हणावे का, तुम्हीच ठरवा. डोळ्याला लागला तर डोळा जातो.

त्याच मुलीने एका खोक्यावरची जाहिरातही खोडली. खोक्यावर छापले होते, वेग सेकंदाला १००० फूट. म्हणजे ३०५ मीटर. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर ऊर्जा येते २३ ज्यूलच्या वर. म्हणजे एकतर बंदूक बिनपरवाना विकता येणार नाही, नाहीतर आकडा फार हलक्या छर्ऱ्यावर मोजलेला. दुकानदार हसला आणि म्हणाला, आकडा खोक्यासाठी असतो, नेमासाठी नाही. छर्ऱ्याचा वेग आवाजाच्या वेगाजवळ गेला की तो हवेत डगमगतो आणि नेम चुकतो. मध्यम वेगाची बंदूक जास्त सरळ मारते. बी.कॉम.ला आम्हाला जाहिरात हा पेपर होता, त्यात हे शिकवले नव्हते.

बंदुका मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एकीत आधीच हवा दाबून भरलेली टाकी असते. झटका नाही, नेम फार चांगला. पण तिला वेगळा पंप नाहीतर सिलिंडर लागतो, हवेचा दाब दोनशे बारच्या घरात, आणि किंमत आमच्या महिन्याच्या पगाराशी बोलू लागते. गावात तिची वायसर गळू लागली तर दुरुस्तीला नागपूरला यावे लागेल. दुसरी स्प्रिंगची. नळी मधून मोडायची, त्याने आतली स्प्रिंग दाबली जाते, छर्रा घालायचा, नळी बंद करायची. एका वेळी एकच छर्रा. बाकी काही लागत नाही. आम्ही हीच घेतली. एका वेळी एकच, हा आम्हाला तिचा दोष न वाटता गुण वाटला. माणूस नेम धरून मारतो, भराभर मारीत नाही.

घेताना आम्ही काय पाहिले ते सांगतो. नळी बंद केल्यावर सांध्यात हलते का, हे धरून, झटकून पाहिले. हलली तर नेम रोज वेगळा. घोडा ओढायला किती जोर लागतो ते पाहिले. फार घट्ट घोडा नेम हलवतो आणि फार सैल घोडा बोट लागताच सुटतो. नळी ताणली की आपोआप लागणारा खटका आहे का ते पाहिले. दुर्बीण मुद्दाम घेतली नाही. घुशीवर छर्रा मारायचा तो दहा-बारा मीटरांवरून, तिथे साधी माशी आणि खाच पुरते. स्वस्त दुर्बिणीतून एवढ्या जवळचे धूसर दिसते, आणि स्प्रिंगची बंदूक आधी मागे व मग पुढे असे दोन झटके देते, त्यात साध्या दुर्बिणीची काच ढिली होते. आधीच्या बंदुकीचे तेच झाले होते. छर्रे गोल डोक्याचे घेतले. चपट्या तोंडाचे कागदावर सरावाला चांगले, टोकदार दिसायला चांगले.

वजन उचलून पाहिले. तीन किलोच्या आसपास. पुतण्याला जमेल, सूनबाईंना जड जाईल. दुकानदाराने आधारची प्रत आणि फोटो घेतला, वहीत नाव लिहिले, पक्के बिल दिले. अकरा हजार दोनशे. आम्ही ते बिल लॅमिनेट करून घेतले, हसू नका.

गावी गेल्यावर पंधरा दिवस घुशीवर एकही छर्रा मारायचा नाही, असे आम्ही पुतण्याकडून कबूल करून घेतले. नवी स्प्रिंग पहिले शे-दोनशे छर्रे लहरी असते, आत तेल असते ते जळून धूरही येतो. बांधाला टेकून मातीने भरलेली चार पोती रचली, त्यावर कागद लावला, दहा मीटर मोजले. पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ पडले पाहिजेत, तोवर घुशीचे नाव नाही. बंदूक घट्ट आवळली की उलट नेम सुटतो, ती तळहातावर नुसती ठेवायची, हे त्याला आठव्या दिवशी उमगले. अकराव्या दिवशी नाण्याखाली पाच आले.

या पंधरा दिवसांत शिकलेल्या गोष्टी घाईघाईने सांगतो, कारण त्यांतली एकेक बोट वाचवणारी आहे. छर्रा घालताना ताणलेली नळी दुसऱ्या हाताने धरूनच ठेवावी, घोडा चुकून सुटला तर नळी उसळून बोटे चेचते. छर्रा नसताना घोडा ओढू नये, दट्ट्या आपटून फुटतो. खोबरेल, मोबिल असले काही नळीत घालू नये, दाबाने ते पेटते. छर्रे शिशाचे असतात, हाताळल्यावर साबणाने हात धुवावे, तोंडात धरू नयेत, ही वाईट सवय पुष्कळांना असते. आणि पत्रा, दगड, सिमेंट यांच्या दिशेने कधीही मारू नये. छर्रा उलटतो. मातीत मारावा. आढ्यावरच्या उंदरावर तर मुळीच नाही, वर पत्रा आहे आणि खाली माणसे.

रात्री टॉर्चच्या काचेला लाल जिलेटिन कागद बांधला. उंदराला लाल प्रकाश फारसा दिसत नाही. बिळापासून दहा मीटरांवर, मागे मातीचा बांध येईल अशा बेताने पुतण्या स्टुलावर बसे. घूस एकदम बाहेर येत नाही, नव्या वस्तूला ती बिचकते, म्हणून स्टूल तीन रात्री आधीच तिथे ठेवून दिले होते. पहिल्या घुशीला एकच छर्रा लागला. कान आणि डोळा यांच्या मध्ये. ती जागीच पडली. दादांनी फोन करून तेवढेच सांगितले, "हलली नाही." माय काही बोलली का, असे आम्ही विचारले. "दिवा लावून बसली आहे," म्हणाले.

आता आमच्या दुसऱ्या चुकीकडे येतो. बंदूक घेण्याच्या नादात आम्ही बिळे तशीच ठेवली. दोन महिन्यांत नऊ घुशी मारल्या आणि पोती फुटायची थांबली नाहीत. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. एका छर्ऱ्याची एक घूस या हिशेबाने ही बेरीज कधी जुळायची नाही, हे कॉमर्सच्या माणसाला आधी कळायला हवे होते.

मग पुढच्या सुट्टीत आम्ही चार दिवस रजा टाकून गेलो आणि खरे काम केले. मागच्या भिंतीचा खालचा दीड फूट उकरून सिमेंटमध्ये फुटक्या काचा कालवून भरला. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली. उंदराला शिरायला अर्धा इंचाची फट पुरते, पिटुकल्या उंदराला तर पेन्सिल जाईल एवढी. आम्ही पेन्सिल घेऊनच घरभर फिरलो. जिथे पेन्सिल गेली तिथे जाळी नाहीतर सिमेंट. ज्वारीसाठी पत्र्याच्या दोन कोठ्या घेतल्या, पोती जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवली. कोंबड्यांचे उरलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यायचे, हे सूनबाईंनी अंगावर घेतले. दोन पिंजरे ठेवले. एका पिंजऱ्यात चिचुंद्री सापडली, ती पुतण्याने मारायला घेतली होती. चिचुंद्री उंदीर नव्हे, ती झुरळे आणि किडे खाते, तिला सोडून दे, असे सांगितले. या सगळ्याला बंदुकीच्या किमतीपेक्षा थोडे जास्तच पैसे लागले, आणि ते आम्ही आधी लावले असते तर बंदूक कदाचित लागलीच नसती. हे कबूल करणे आम्हाला आवडत नाही, पण तसे आहे.

लोक म्हणतात, उंदरासाठी एवढा खटाटोप कशाला? १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेग निघाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. एस.टी. स्टँडवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाणी ओसरल्यावर उंदरांच्या लघवीतून येणाऱ्या लेप्टोने माणसे गेली. अनवाणी चिखलात उभी राहणारी माणसे कोणत्या वस्त्यांतली असतात, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

आमच्या नागपूरच्या वस्तीतली दोन पोरे मध्यंतरी आमच्याकडे आली होती, गच्चीवरची कबुतरे आणि नालीतले उंदीर मारायला आम्हालाही तशीच बंदूक घेऊन द्या म्हणून. आम्ही चक्क नाही म्हणालो. आमच्या वस्तीत कोणत्याही दिशेला तोंड केले तरी दहा पावलांवर कोणाची तरी खिडकी आहे, कोणाचे तरी मूल ओट्यावर बसले आहे. छर्रा चुकला तर तो जाऊन थांबेल अशी माती कुठे आहे, ते आधी दाखवा, असे विचारले. त्यांना दाखवता आली नाही. त्यापेक्षा नालीवर झाकण बसवा म्हणून महानगरपालिकेला अर्ज लिहून दिला. तिसरा अर्ज आहे, झाकण यायचे आहे.

हे सर्व झाल्यावर, उन्हाळ्यात, ती गोष्ट घडली. घुशी जवळजवळ संपल्या होत्या. बंदूक खुंटीला होती. दुपारी वीज गेलेली, पुतण्याला झोप येईना. बोरीच्या झाडावर होला बसला होता. त्याने बंदूक उतरवली आणि सहज मारला. एकच छर्रा, नेम आता चांगलाच बसला होता. होला आमच्या नातीच्या पायाशी पडला. तिने तो उचलून आजीकडे नेला, झोपला आहे म्हणून.

मायने आम्हाला स्वतः फोन केला. तिला फोन लावता येत नाही, सूनबाईंकडून लावून घेतला. म्हणाली, "तू इचारत होता ना, गरज का इच्छा. ये आता, पाहून जा."

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी मारणे गुन्हा आहे, हे आम्ही पुतण्याला सांगितले. पण त्याला कायद्याची गरज नव्हती, तो आधीच मान खाली घालून बसला होता. पोरगा वाईट नाही. हातात सरळ मारणारी वस्तू आणि समोर रिकामी दुपार, एवढेच झाले. ती वस्तू आम्हीच निवडून, पारखून आणून दिली होती. बंदुकीचा नेम आम्ही नाण्याखाली मोजला, पण तिच्या कुलपाचा विचार केला नव्हता.

त्या दिवशी गावातल्या दुकानातून कुलूप आणि लोखंडी पेटी आणली. बंदूक पेटीत, किल्ली मायच्या कनवटीला. छर्ऱ्यांचा डबा वेगळा, वहिनींच्या कपाटात. आणि आम्हाला दुसरे काही येत नसल्याने आम्ही एक वही आखून दिली. तारीख, छर्रे शिल्लक, छर्रे घेतले, कागदावर मारले, घुशीवर मारले, परत केले. शेवटचा रकाना ‘कारण’. पेटी उघडायची तर मायला कारण सांगायचे आणि तिने हो म्हटले तर वहीत लिहायचे. पुतण्याला वाटले काका कचेरी घरी घेऊन आले. वाटू दे.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा वही तपासली. ती सवय सुटत नाही. पावसाळ्यापासून आठ नोंदी होत्या, सहा सरावाच्या आणि दोन घुशीच्या. दोन्ही घुशींना एकेकच छर्रा. दिवाळीनंतरची एक नोंद मात्र मध्येच थांबलेली दिसली. तारीख लिहिली होती, पाच छर्रे घेतले असे लिहिले होते आणि ‘कारण’ या रकान्यात नुसती आडवी रेघ. पाचही छर्रे त्याच दिवशी परत केले होते.

आम्ही पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "आजीनं कारण विचारलं. सांगायला काही सुचलं नाही."

माय शेजारीच तूर निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. नात तिच्या मांडीला टेकून, निवडून बाजूला टाकलेले खडे एकेक करून डबीत भरत होती. दादा आम्हाला मागच्या भिंतीकडे घेऊन गेले, सिमेंटला एके ठिकाणी बारीक तडा गेला होता. आम्ही खिशातून पेन्सिल काढून घालून पाहिली. जात नव्हती.